मालक क्रमांक दोन

रविवारी सकाळी अकराला धाकटा भाऊ त्या फ्लॅटमधून बाहेर पडायचा आणि त्याच रविवारी दुपारी तीनला थोरला तिथे पोचायचा. मधले चार तास सफाईवाल्या बाईंचे. त्या चार तासांत बाई असं काही झाडून-पुसून घेत, की एखाद्या गुन्हेगाराने त्यांना पगारी ठेवावं. उशीवर केस नाही, आरशावर डाग नाही, बेसिनमध्ये थेंब नाही. चार वर्षं हे दोघे सख्खे भाऊ एकाच पलंगावर एकामागोमाग एक आठवडा झोपत होते आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

फ्लॅट परदेशात होता, समुद्राकाठी, पाचव्या मजल्यावर. छत्तीस चौरस मीटर, बाल्कनी धरून. मालक दोघंही, अर्धे अर्धे.

थोरल्याला घरात आणि बाहेरही सगळे दादाच म्हणत. तो निवृत्त मूल्यमापक होता. कर्ज देण्याआधी बँक ज्याला घर बघायला पाठवते, तो माणूस. चौतीस वर्षं त्याने दुसऱ्यांची घरं पाहिली. आत शिरायचं, टेप काढायची, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायचं, फरशी पोकळ वाजते का ते ऐकायचं, ओल कुठून चढतेय ते हुंगायचं, आणि घरातल्या माणसांनी पाणी विचारेपर्यंत मनात आकडा तयार. लोक कौतुकाने सांगत, "साहेब, संध्याकाळी या खिडकीतून काय सुंदर ऊन येतं!" दादा लिहून घ्यायचा : पश्चिमेस खिडकी, उष्णता जास्त.

धाकटा टिंगू. लहानपणी बुटका म्हणून हे नाव पडलं आणि पुढे तो सहा फूट एक इंच झाला तरी कोणाला बदलावंसं वाटलं नाही. टिंगूचं चष्म्याचं दुकान होतं. लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मला दूरचं स्पष्ट दिसतं."

वडील गेल्यावर त्यांच्या दोन खोल्या विकल्या आणि पैसे दोघांकडे आले. त्या दोन खोल्यांना एक गॅलरी होती. गॅलरी म्हणजे भिंतीला आलेला फोड. तिच्यात एकच खुर्ची मावायची. दोघे भाऊ घड्याळ लावून आळीपाळीने बसायचे, पंधरा मिनिटं तू, पंधरा मिनिटं मी. एक बसला की दुसरा दारात उभा राहून मिनिटं मोजायचा. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीचे पाइप होते. पण पाळी होती म्हणून मजा होती.

म्हणून समुद्राकाठच्या फ्लॅटची जाहिरात पाहिली तेव्हा टिंगूची अट एकच होती. "दादा, बाल्कनीत दोन खुर्च्या मावल्या पाहिजेत. शेजारी शेजारी."

"मावतील," दादाने नकाशा बघून सांगितलं. "मधे टीपॉयसुद्धा."

"मग घेऊन टाक."

फॉर्म अर्थातच दादाने भरला. असल्या कामात टिंगूवर कोणी विसंबत नसे, टिंगूसुद्धा नाही. प्रश्न सातवा होता : खरेदीचा उद्देश. (अ) स्वतःच्या आनंदासाठी. (ब) गुंतवणूक. कृपया एकाच चौकटीत खूण करावी. दादाने क्षणभरही न थांबता (ब) वर खूण केली. आनंदासाठी घर घेणारी माणसं त्याने पाहिली नव्हती असं नाही, पण त्यांच्याबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं.

त्या एका खुणेने काय झालं ते खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. (ब) वाल्यांचा फ्लॅट वर्षभर कंपनी भाड्याने देणार. मालकांना वर्षातून चौदा दिवस, तेही सीझन नसताना, वारा सुटलेला असताना. मालक एकाहून जास्त असतील तर चौदा दिवस समान वाटायचे, आणि एका वेळी एकाच मालकाची नोंद होणार. दुसरा मालक पाहुणा म्हणूनसुद्धा चालणार नाही, कारण तो पाहुणा नाही, मालक आहे. अशा प्रकारे शेजारी शेजारी बसण्यासाठी घेतलेल्या घरात दोघांना एकत्र बसायला कायद्याने बंदी झाली. नावं तिकडच्या लिपीच्या क्रमाने लागली, त्यामुळे टिंगू झाला मालक क्रमांक एक आणि दादा क्रमांक दोन. हेही दादाला जरा लागलंच, पण ते तो कोणाला बोलला नाही.

टिंगूला हे कळलं तेव्हा त्याने फोन केला.

"दादा, आपण हे घर कशाला घेतलं?"

"भाव वाढेल म्हणून."

"आणि बसायचं कधी?"

"बसायला आठवडा आहे की तुला. पूर्ण."

"एकट्याने?"

"का? एकट्याने बसलं की खुर्ची मोडते?"

"एकटं बसायला माझं दुकान आहे रे, तिथे दिवसभर बसतो मी. तू माझ्या बसण्याचंसुद्धा मूल्यमापन केलंस ना!"

"आणि तू जन्मभर लोकांना चष्मे विकलेस," दादा म्हणाला, "फॉर्मवरचं बारीक अक्षर मात्र स्वतःला दिसलं नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्या वाक्यावर दादा त्या दिवशी बेहद्द खूश होता. जेवताना बायकोला दोनदा ऐकवलंही. तिने दुसऱ्यांदा विचारलं, "मग तो काय म्हणाला?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो काहीच म्हणाला नव्हता. त्यानंतर चार वर्षं म्हणाला नाही.

म्हणजे तोंडाने म्हणाला नाही.

त्या फ्लॅटमध्ये मालकांसाठी एक पिवळी फाइल असे. तिच्यात घरातल्या वस्तूंची यादी, एकूण एकसष्ट वस्तू. निघताना मालकाने त्या मोजायच्या, आकड्यापुढे खूण करायची, शेवटच्या रकान्यात काही शेरा असल्यास लिहायचा आणि खाली सही. पहिल्या वर्षी दादा आपल्या आठवड्याच्या शेवटी यादी घेऊन बसला, तर चमच्यांपुढे टिंगूच्या तिरप्या अक्षरात, चक्क मराठीत, लिहिलेलं : "मोजले. सहाच आहेत. दादा, खूश?"

दादाने सहा चमचे पुन्हा मोजले आणि खाली लिहिलं : "सहा. पैकी एक वाकडा. तो हिशेबात धरलास का?"

दुसऱ्या वर्षी पडद्यांपुढे : "या रंगालाच गुंतवणूक म्हणतात वाटतं." दादाने उत्तर दिलं : "डाग दिसत नाही. भाडेकरूंना चालतो."

तिसऱ्या वर्षी चहाच्या गाळणीपुढे : "जाळी फाटली आहे. कपात पत्ती येते. दुरुस्ती मालकाने करायची म्हणतात. मालक सापडल्यास कळवणे." दादा त्याच दिवशी बाजारात गेला, नवी गाळणी घेऊन आला आणि लिहिलं : "गाळणी नवी. निम्मे पैसे मागणार नाही." चौथ्या वर्षी उत्तर तयार होतं : "गाळणी उत्तम. निम्मे पैसे ड्रॉवरमध्ये." ड्रॉवरमध्ये दोन नाणी होती. दादाने ती उचलली नाहीत. सफाईवाल्या बाई कामाला चोख. त्यांनी यादीच्या शेवटी आपल्या हाताने वस्तू क्रमांक बासष्ट वाढवली : नाणी, दोन.

त्याच वर्षी खुर्च्यांपुढे टिंगूने लिहिलं होतं : "बाल्कनीतली एक डुगडुगते. चांगली समुद्राकडे तोंड करून ठेवली आहे." दादाने समुद्राकडे तोंड केलेल्या खुर्चीत बसूनच खाली लिहिलं : "तपासली. चारही पाय सुस्थितीत."

कंपनीला ही भाषा वाचता येत नव्हती. शेरे आहेत म्हणजे मालक जागरूक आहेत, असं समजून ते फाइल जपून ठेवत.

खरं सांगायचं तर दादा समुद्रासाठी तिथे जातच नव्हता. समुद्र त्याने पहिल्या वर्षी पाहून घेतला होता. आकार मोठा, देखभाल नाही. तो यादीसाठी जायचा. विमान, बस, सुटकेस ओढत चढावरचा रस्ता, एवढी यातायात तिरप्या अक्षरातल्या दीड ओळीसाठी. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिला बरोबर चल म्हटलं की ती म्हणायची, "अहो, मालकांच्या यादीत माझं नाव नाही, आणि सात दिवस तुमच्याबरोबर समुद्र बघायचा म्हणजे समुद्राला तरी काय वाटेल!"

पाचव्या वर्षी, रविवारी दुपारी तीनला, दादाने दार उघडलं, सुटकेस दारातच ठेवली आणि कोट न काढता पिवळी फाइल उघडली.

शेऱ्याचा रकाना कोरा होता. खूण नाही, सही नाही.

त्याने पान उलटलं, परत उलटलं. चमचे कोरे, पडदे कोरे, गाळणी कोरी. मग तो घरभर फिरला. छत्तीस चौरस मीटरमध्ये फिरायला वेळ लागत नाही. कपाट हुंगलं, बाथरूमच्या फरशीवर टकटक केलं. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाल्कनीतल्या दोन्ही खुर्च्या दुमडून भिंतीला लावलेल्या होत्या.

सफाईवाल्या बाई बादली घ्यायला परत आल्या. दोघांना समाईक अशा तिसऱ्या भाषेतले पन्नासेक शब्द होते.

"नंबर एक?" दादाने विचारलं.

"नंबर एक नाही. आला नाही." बाईंनी पलंगाकडे हात केला. "चादर स्वच्छ होती. मी धुतली तरीपण."

"का आला नाही?"

बाईंनी खांदे उडवले. "तुमचा भाऊ," त्या म्हणाल्या. मला का विचारता, हे पुढचं त्यांनी बादलीच्या आवाजात सांगितलं.

दोन दिवस दादाने काही केलं नाही. ब्रेड खाल्ला, अंडी उकडली, त्या गाळणीने चहा गाळला. बाहेर वारा आडवातिडवा सुटला होता. खाली रस्त्यावरची दुकानं सीझन संपल्यामुळे बंद, एकाच्या दारावर पाटी वाऱ्याने सारखी आपटत होती. त्या आवाजात त्याला नाही नाही ते सुचायला लागलं. टिंगू पंचावन्नचा. एकटा राहणारा. दुकानाचं शटर स्वतः ओढणारा. त्याला काही झालं तर कळवायचं कोणाला? असा एक रकाना प्रत्येक फॉर्मवर असतो. तिथे अजून आपलं नाव असेल की खोडलं असेल? फोन नंबर होता. अंगठा त्याच्यावर जायचा आणि घड्याळ बघून परत यायचा. आत्ता दुकानात गर्दी असेल. आत्ता जेवत असेल. आत्ता तो झोपला असेल, आणि झोपलेल्या माणसाला उठवून काय विचारायचं, की शेरा का नाही लिहिलास?

बायकोचा फोन आला. "कसा आहे तुमचा समुद्र?"

"आहे." मग तो म्हणाला, "टिंगू आलाच नाही या वर्षी."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर बोलत नाही."

"चमचे मोजलेले नाहीत."

चौतीस वर्षं मूल्यमापकाशी संसार केल्यावर माणसाला ऐकून घ्यायची सवय होते. "फोन करा ना मग त्याला," ती म्हणाली.

"कशाला? नसेल आला. काम असेल."

"मी करू?"

"नको! तू कशाला? मी आपलं सहज सांगितलं."

"बरं. सहज जेवून घ्या."

मंगळवारी सकाळी तो तळमजल्यावरच्या कंपनीच्या ऑफिसात गेला. पाच वर्षांत पहिल्यांदा. आजवर सगळं सुरळीत असल्यामुळे जायचं कारण पडलं नव्हतं. काउंटरमागे टाय लावलेला एक माणूस होता, त्याने संगणकात पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "मालक क्रमांक एक यांनी आपला आठवडा परत दिला आहे. तीन महिन्यांपूर्वी. स्वतः पत्र पाठवून."

स्वतः पत्र पाठवून. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी तरी हातपाय धड होते. दादाच्या छातीवरचं काहीतरी एक इंच हललं.

"कारण?"

"ते आम्ही सांगू शकत नाही."

"मी भाऊ आहे."

"ते आमच्याकडे नोंदलेलं नाही."

"मी सहमालक आहे."

"हां, मग बघता येईल," तो माणूस म्हणाला आणि आतून एक फाइल घेऊन आला. पत्र छापील होतं. कारणाच्या ओळीवर तेवढं हाताने लिहिलेलं. भाषा परकी पण अक्षराचा तिरपेपणा ओळखीचा. लिहिलं होतं : एका माणसासाठी जागा फार मोठी आहे.

दादाने ते दोनदा वाचलं. छत्तीस चौरस मीटर. बाल्कनी धरून. चौतीस वर्षांत एवढं चुकीचं मूल्यमापन त्याने पाहिलं नव्हतं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखंही त्याला काही सापडेना.

पत्राखाली आणखी एक कागद होता, कडा पिवळ्या पडलेला. "हा कसला?"

"तो उद्देश बदलण्याचा अर्ज. (ब) मधून (अ) मध्ये. दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. एक आलेली आहे."

सही टिंगूची होती. तारीख पहिल्या वर्षाची, पहिल्या आठवड्याची. ज्या दिवशी त्याने चमचे मोजले होते तो दिवस.

"हा चार वर्षं इथे पडून आहे?"

"पडून नाही. प्रलंबित आहे."

"मला कळवलं का नाही?"

टायवाल्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "कळवण्याचा रकाना नाही यात. दुसरे मालक विचारायला येतील तेव्हा सही करतील, असं ते म्हणाले होते. आम्ही कोणाला भरीस घालत नाही."

दादाने खिशातून पेन काढलं. टायवाल्याने, कंपनी चांगली असल्यामुळे, त्याला थांबवलं.

"कर्तव्य म्हणून सांगतो. उद्देश बदलला की भाडं बंद. देखभाल तुमच्याकडे. परत (ब) करता येत नाही. विकायला काढलात तर भाव पडलेला असेल. असं सहसा कोणी करत नाही."

"कोणीच नाही?"

"एक आजी-आजोबा होते. पण त्यांना गुंतवणुकीतलं काही कळत नव्हतं."

"आणि एकत्र राहता येतं? दोघा मालकांना?"

"(अ) मध्ये? हवे तितके दिवस. हवे तितके मालक. आम्ही विचारतसुद्धा नाही. फक्त पुढच्या वर्षापासून."

दादाने सही केली. मूल्यमापकाची सही मोठी आणि वाचता येण्यासारखी असते, कारण ती कोर्टात ओळखावी लागते. ही त्याने टिंगूच्या सहीला अगदी लागून केली.

लिफ्ट दुरुस्तीला काढली होती. पाच मजले चढताना त्याने सवयीने हिशेब केला. पहिल्या मजल्यावर बुडालेलं भाडं धरलं, दुसऱ्यावर देखभाल, तिसऱ्यावर पडलेला भाव, चौथ्यावर हे सगळं दहा वर्षांनी गुणलं. पाचव्यावर आकडा तयार होता. असा आकडा घेऊन दुसऱ्या कोणी सल्ला विचारला असता तर दादाने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

संध्याकाळी, तिकडे दुकान बंद व्हायच्या वेळेला, त्याने बाल्कनीत उभं राहून फोन लावला. नऊ वेळा वाजला.

"हॅलो, कोण?"

"मी."

"मी कोण?"

"दादा."

"हां. नंबर गेला होता माझ्याकडचा." मागे शटर ओढल्याचा आवाज आला. म्हणजे माणूस उभा होता, शटर ओढत होता. "बोल. काय, चमचे कमी भरले का?"

"सहा आहेत."

"वाकडा धरून?"

"धरून." वारा एवढा होता की दादाला तोंडाला हात लावून बोलावं लागत होतं. "आला नाहीस."

"नाही."

"तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? कंटाळा आला. तिथे बसायचं आणि तू पुढच्या रविवारी येशील म्हणून गाळणी धुवून ठेवायची. पंधरा मिनिटांची पाळी बरी होती रे. निदान दारात कोणीतरी उभं असायचं."

दादाकडे अशा प्रसंगाची भाषा नव्हती, अहवालाची होती. "सदर अर्ज बघितला मी," तो म्हणाला. "खाली. ऑफिसात."

पलीकडे शटर अर्ध्यात थांबलं.

"आज बघितलास?"

"आज."

"चार वर्षं लागली तुला जिना उतरायला?"

"लिफ्ट होती."

टिंगू हसला नाही. पण फोन ठेवलाही नाही. "मग?"

"केली सही."

"नुकसान आहे त्यात," टिंगू म्हणाला. "मी विचारलं होतं त्या टायवाल्याला."

"आहे."

"किती?"

"मोजलं नाही," दादा म्हणाला.

टिंगूला हे खोटं आहे ते लगेच कळलं असणार. तो नुसता "हं" म्हणाला.

"पुढच्या वर्षी येशील?" दादाने विचारलं. "तारखा तू सांग. मी काय, मोकळाच असतो."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. चार वर्षं रागात होतो दादा, एका फोनने उतरत नाही. पायऱ्या असतात त्यालाही." मग शटर पूर्ण खाली आलं. "तिकडे अंधार पडायला आला असेल. आत जा. वाऱ्यात कान दुखतात तुझे."

फोन बंद झाला.

दादाने दोन्ही खुर्च्या उघडल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या. मधे टीपॉय मावत नव्हता. नकाशा बघताना त्याचं चुकलं होतं. मग तो दरवर्षी बसायचा त्या खुर्चीत न बसता दुसरीत बसला. ती डुगडुगली, चांगली बोटभर. मागचा डावा पाय आखूड. चार वर्षं कोणीतरी हिच्यावर बसून, निघताना दुसरी सरळ करून ठेवत होतं आणि त्याने न बसताच शेरा मारला होता. चौकशी न करता अहवाल दिला म्हणून त्याने स्वतःच्या हाताखालच्या दोघांना एके काळी कामावरून काढलं होतं.

तो आतून पिवळी फाइल घेऊन आला. निघायला अजून पाच दिवस होते, शेरे शेवटच्या दिवशी लिहायचे असा नियम होता. त्याने खुर्च्यांचा आकडा पाहिला, दोन, आणि पुढे आपल्या सरळ अक्षरात लिहिलं : "मागचा शेरा रद्द. एक डुगडुगते. तीत मी बसेन."

मग घड्याळ बघितलं, आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवून तो पंधरा मिनिटं तसाच बसून राहिला.